कुंकू लागलेली सॉकेटं

साधी निवड आमच्या साडूंइतक्या भक्तिभावाने लांबवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर अजून जन्माला यायचा आहे. मिसळीचा रस्सा तिखट घ्यावा की मध्यम, हे त्यांचं ठरेपर्यंत शेजारचं टेबल खाऊन, भांडून, हात पुसून निघून जातं. त्यांनी आपल्याला पहिल्याच भेटीत पसंत केलं, असं माझी मेव्हणी अभिमानाने सांगते. माझी खात्री आहे, होकार त्यांच्या आईंनी कळवला असणार. हे अजून विचारातच होते.

अशा माणसाने हॉलमध्ये स्पीकर बसवायचे ठरवले. कारण मात्र गोड होतं. त्यांचे वडील नेसरी गावच्या भजनी मंडळात गायचे. ते वारल्यानंतर मंडळातल्या कुणाकडे तरी त्यांच्या भजनाची कॅसेट सापडली, आणि साडूंनी ती मोबाइलवर उतरवून घेतली. पण आईंचे कान मंदावत चाललेले. मोबाइलचा चिमणा आवाज त्यांना पोचेना, आणि "कानात मी काय बी घालणार न्हाय" हा त्यांचा निकाल. म्हणून चार कोपऱ्यांत चार दणदणीत स्पीकर आले, भिंती फोडून तारा आत गेल्या, आणि तार भिंतीतून बाहेर येते तिथे कुठल्या सॉकेटची प्लेट शोभेल, या प्रश्नावर सगळं घर अडलं.

"साडूभाऊ, तुम्ही नुसतं बघून सांगा," म्हणत त्यांनी मला राजारामपुरीतल्या दुकानादुकानांतून फिरवलं. काचेच्या प्लेटा, पितळी, लाकडी, पांढऱ्यातही मोतिया निराळा आणि हस्तिदंती निराळा. माझं डोकं गरगरायला लागलं. एका प्लेटची मी तोंड भरून स्तुती केली, तर ती दाराच्या घंटेची निघाली. दुसरी बघून "यात मोबाइल चार्ज होईल ना?" असं विचारलं. साडू करुणेने म्हणाले, "अहो, हिच्यातून वीज नाही, गाणं यायचंय!" इकडे भिंतींतून तारा उंदरांच्या शेपट्यांसारख्या लोंबत होत्या. आई रोज विचारायच्या, आणि रोज त्यांना थोडं अधिक ओरडून उत्तर द्यावं लागायचं.

"लेका, माझं कान हायत तवर लाव की!"

खंडेनवमीला हे प्रकरण आईंनीच मिटवलं. साडूंनी चार तऱ्हेच्या चार प्लेटा 'घरी बघून परत देतो' म्हणून आणल्या होत्या. ते खाली स्कूटर धूत असताना आईंनी मिक्सर, इस्त्री, विळी पूजेला मांडली, आणि त्याच रांगेत या प्लेटाही. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. मी सणाला म्हणून आलो होतो, माझ्याबरोबर वर आल्यावर साडू किंचाळलेच.

"पावणं, पुजल्यालं कुणी माघारी देतंय व्हय?" आईंनी मला विचारलं. "सांगा ह्येला!"

मी मोठ्या आनंदाने सांगितलं. दुकानदारानेही कुंकू बघून हात जोडले. शेवटी चार कोपऱ्यांत चार निरनिराळ्या प्लेटा बसल्या. नवा पाहुणा आजही ते बघून आपण एका घरात आहोत की चार, या संभ्रमात पडतो.

पहिल्यांदा भजन मधूनच लागलं तेव्हा तावदानं थरथरली. साडू आईंच्या तोंडाकडे बघत होते. आईंनी मान हलवली. "नुस्ता गलका हाय रं."

"उशीर केला मी," साडू पुटपुटले. काय करावं न कळून त्यांनी भजन पुन्हा सुरुवातीपासून लावलं. अभंगाआधीच्या शांततेत त्यांचे वडील घसा खाकरून जोरात खोकले. आई ताठ बसल्या. डोक्यावरून पदर सारखा केला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्येच."

आता साडूंनी तेवढा खोकला वेगळा काढून ठेवलाय. दिवेलागणीला तो चारी कोपऱ्यांतून येतो आणि आईंचा पदर डोक्यावर जातो.

परवा एका दुकानात एकसारख्या चार सुरेख प्लेटा दिसल्या. मी खोडसाळपणे तिथूनच साडूंना फोन लावला. प्लेटांचं रसभरीत वर्णन केलं. फोनमध्ये त्यांच्या मागे कुणीतरी घसा खाकरत होतं.

"राहू द्या साडूभाऊ," ते हळूच म्हणाले. "ठरलंय आमचं."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.