पोळ्यात उभं राहिलेलं इंजन

गोरेगावच्या बाजारात एखादा ट्रक बंद पडला की लोक थावरा राठोडला शोधतात. त्याचा हात चांगला आहे, पण ट्रक दुरुस्त करताना तो जांभया देतो. आजकालची इंजनं सगळी एका छापाची, त्यांच्यात जीव रमत नाही, असं त्याचं म्हणणं. जीव रमतो तो विमानाचं इंजन मोटारीत बसवून शर्यतीत पळवणाऱ्या वेड्यांच्या व्हिडिओंत. जेवताना मोबाइल तांब्याला टेकवलेला, कुठल्यातरी परदेशी मैदानात जुनाट मोटार धूर ओकतेय आणि थावराचा घास हातातच राहिलाय, हे दृश्य त्याच्या घरात रोजचं.

या वेडापायी त्यानं नांदेडच्या एका भंगार गोदामातून जुन्या विलायती लॉरीचं इंजन तांड्यावर आणलं. एकेका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, समोरासमोर, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. व्हॉल्व्ह नाहीत, वरचं हेडही नाही. असं इंजन अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नाही, असं तो शपथेवर सांगायचा, आणि त्याला खोटं पाडायची कुणाला गरजही वाटत नव्हती.

"डोकं नसलेलं इंजन," त्याची बायको रुख्मिणीबाई म्हणाली, "बराबर माणसाच्या घरी आलं."

बैल विकल्यावर गोठा रिकामाच होता, तिथं ते बसवलं. मिळत नव्हते ते भाग थावरानं स्वतः घडवले. वर्षं गेली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात ते एकदाचं सुरू झालं. आवाज असा निघाला की शेळी दावं तोडून पळाली आणि रुख्मिणीबाईच्या हातून घागर सुटली. थावराचे डोळे भरून आले. धुरानं आले, असं तो सांगतो, पण तो आनंदानं रडत होता हे शेळीलाही कळलं असतं.

घागर फुटली तशी रुख्मिणीबाईही फुटली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी रामकिशन भंगारवाला टेम्पो घेऊन येऊन राहिला. हे धूड तरी जाईल, न्हाई तर मी माहेरी जाईन."

आजवर तिनं टोमणे पुष्कळ मारले होते, दिवस ठरवून दिला नव्हता. थावराची झोप उडाली. आणि त्या काळजीतच त्याला एक युक्ती सुचली. पोळ्याच्या तोरणाखाली पुजलेला बैल दुसऱ्या दिवशी विकायचा, हे पाप तांड्यावर कुणी करत नाही. तेव्हा इंजन पोळ्यात उभं राहिलं पाहिजे.

तो प्रेमदास नायकाकडं गेला. तांड्यावर शब्द चालतो तो नायकाचाच. "नायक, आपले वाडवडील बैलावर मीठ लादून मुलूख फिरले. मग लॉरी आली आन् तिनं ते वझं उचललं. मंग हे इंजन कोण झालं? बैलच की!"

"यंत्राचं पोळ्यात काय काम?" तिथं बसलेल्या तांड्यावरच्या तरण्या रणजीतनं विचारलं. हे विचारायला तो ट्रॅक्टरवर बसून आला होता.

नायकाची अडचण वेगळी होती. तोरणाखाली बैलजोड्या वर्षागणिक कमी होत चालल्या होत्या आणि शेजारच्या तांड्यावरचे लोक हसत होते. रांग जरा लांब दिसली तर त्याला हवीच होती.

"उभं कर," तो म्हणाला. "पण बैल म्हणतोस तर कायदा बी बैलाचाच. पोळ्याला आपण बैलाला कामाला जुंपत न्हाई. चालू करायचं न्हाई."

थावराचा चेहरा पडला. सगळ्या तांड्यानं समोर उभं राहून तो आवाज ऐकावा म्हणून तर त्यानं वर्षं घालवली होती. पण टेम्पोची आठवण होताच त्यानं मान डोलावली.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला त्यानं इंजनाला हळद-लोणी चोळलं. पोळ्याच्या दिवशी झूल घालून, बाशिंग बांधून, गाड्यावर ढकलत ते तोरणाखाली आणलं. पोरं खिदळली. पण म्हाताऱ्या भिकाबाईनं पदर सावरून हात जोडले, तेव्हा हसणाऱ्यांनीही टोप्या नीट केल्या. ताटं घेऊन बायका पुढं झाल्या. थावरा मागं वळून रणजीतला आपला फोटो कसा काढायचा ते शिकवत होता.

दुसऱ्या दिवशी रामकिशनचा टेम्पो दारात आला. थावरा गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिला. रुख्मिणीबाई बाहेर आली.

"न्हाई द्यायचं," ती म्हणाली. "काल माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. आता कसायाला देऊ काय?"

कसाई म्हटल्यामुळं रामकिशन फुगून निघून गेला. थावराला नाचावंसं वाटलं. मग एकदम तो थबकला.

"खाल्लं? कुठून खाल्लं?"

रुख्मिणीबाईनं हवा आत ओढायच्या उघड्या नळीकडं बोट दाखवलं. "तोंड उघडंच व्हतं. मी चारलं, भिकाबाईनं चारलं. सगळ्या बायांनी पोळी चारली. उपाशी ठेवायचं काहून?"

थावरानं नळीत हात घातला. पुरण, तूप, गूळ, सगळं पार आतपर्यंत गेलं होतं. त्यानं पाना उचलला.

रुख्मिणीबाईनं त्याचं मनगट धरलं. "काय करून राहिले?"

"उघडून साफ करतो."

"पोट फाडता त्याचं? तुमीच म्हणले ना नायकाला, बैल हाय म्हणून?"

ती थट्टा करत नव्हती. खरोखर घाबरली होती. तो आवाज आता आपल्याला पुन्हा ऐकायला मिळणार नाही, हे थावराला उमगलं आणि त्याचा जीव तळमळला. त्यानं पाना खाली ठेवला.

रुख्मिणीबाईनं झूल सारखी केली. पाण्याची बादली आणून इंजनापुढं ठेवली आणि विचारलं, "नाव काय हो याचं?"

इतक्या वर्षांत तिनं इंजनाविषयी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. कंपनी, साल, सगळं थावराच्या ओठांवर आलं. ते त्यानं गिळलं.

"तूच ठेव," तो म्हणाला.