सारा आत्याची टर्की

सकाळी फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्टीची वाट बघत गॅसपाशी उभी होते. आत्याचा मुलगा सॅम्युएल. "ताई, आई गेली," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला आणि सोलापूरला निघायची पिशवी भरायला घेतली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सारा आत्या कोण, असं विचारलं तर मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई, असंच कुणीही सांगेल, आणि ते खरंच आहे. पण मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले, आज पुण्यात स्वतःच्या घरात राहते, ते तिनं एका नाताळात रांधलेल्या एका पक्ष्यामुळं. कुणाला हे वाचून हसू येईल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, धाकटी बहीण. माहेरचं नाव सखू. सांगोल्याच्या बाजूला आमची थोडी जिरायत आणि मेंढरं. तरुणपणी ती सोलापूरला मिशनच्या वसतिगृहात कामाला आली, तिथल्याच एका ख्रिस्ती मास्तरांशी लग्न केलं, धर्म बदलला आणि सारा झाली. आबांनी भावकीसमोर जाहीर केलं, तिच्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही. आबांचा हट्ट असा की त्यांच्या मेंढरांनी त्यांच्याकडून शिकावा. पुढं गावात हायस्कूल नाही म्हणून मला त्याच वसतिगृहात ठेवायची पाळी आली, तेव्हा 'तितलं जेवान काय कुना एकाच्या घरचं नसतंय' अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. रांधते आत्याच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण वसतिगृह वेगळं आणि तिचं घर वेगळं.

मोठा दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि वसतिगृह चालवणाऱ्या अमेरिकन मॅडम कायमच्या मायदेशी निघाल्या. नाताळापासून वसतिगृह बंद. आता एक तर आत्याच्या घरी राहून मी परीक्षा द्यायची, नाही तर गावी जाऊन आबांनी बघून ठेवलेल्या स्थळापुढं पोह्यांची ताटली घेऊन उभं राहायचं. आबांचा निरोप आला, नाताळादिवशी पोरीला न्यायला येतो. आत्या म्हणाली, "येऊ दे. जेवल्याबिगर सोडत न्हाय त्याला." भाऊ तिला पुरता माहीत होता. ज्या घरी आबा जेवले, त्या घराची विनंती त्यांनी कधी मोडली नव्हती. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य आबांच्या एका घासावर येऊन थांबलं होतं, आणि तो घास आबा घेतील असं आत्या सोडून कुणालाच वाटत नव्हतं. मास्तर तर म्हणाले, "सारा, उगाच अपमान करून घेशील."

मॅडमच्या अंगणात टर्की होत्या. त्यातली शेवटची एक त्यांनी जाताना आत्याला दिली. या मॅडम अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना मुलखातल्या. त्यांच्या माणसांना केजन म्हणतात. बाकीच्या मडमा मिरची बघूनच डोळे पुसायच्या, या मात्र आमच्या आमटीवर वरून तिखट मागायच्या. सणाला त्यांच्याकडं टर्कीला मीठ, लसूण, काळी मिरी आणि लाल तिखट चोळून, पोटात मक्याच्या पावाचं सारण भरून अख्खी भाजतात आणि सगळं घर एका टेबलाभोवती बसून खातं. आत्या हे त्यांच्याकडून शिकली होती. मी म्हटलं, "आत्या, सरळ बोकडाचं मटण कर की." तर म्हणाली, "मेंढरं राखनाऱ्याला मटन घालून काय जिकायचंय? त्यानं कदी बगितलं नसंल असं कायतरी पायजे."

तयारी मात्र तिनं भावाच्या बाजूनं केली. चंपाषष्ठी होऊन गेली होती आणि वार बुधवार, म्हणजे उपास आडवा येणार नव्हता. गावाकडं मुलाण्यानं कापल्याशिवाय मटण चुलीवर चढत नाही, म्हणून तिनं टर्कीही मुलाण्याकडूनच कापून घेतली. आपल्या भांड्याची अडचण नको म्हणून नवी पेठेतून पत्रावळी आणल्या. सारणाला कांदा आणि ढोबळी मिरची मिळाली. मॅडम घालायच्या ती सेलरीची भाजी काही सोलापुरात मिळेना, तिच्या जागी कोथिंबिरीचे देठ चिरले. राहिला मक्याचा पाव. तिथं आत्यानं डब्यातली कडक भाकरी काढली. पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी, वर काळे तीळ थापलेले. ती बघून मी आत्याचा हातच धरला. कारण ती आजीनं केलेली होती. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीवरून परतताना आजी माझ्या पिशवीच्या तळाशी ती चवड ठेवायची आणि म्हणायची, "सखूला दे. बापाला बोलू नगंस." मी आत्याला म्हटलं, आबांनी ओळखली तर? ती म्हणाली, "चुरा करून भरल्यावर काय वळकतोय. आन घरात दुसरं काय हाय तरी?"

ओव्हन कुणाकडं असणार! आमच्या भागात नाताळचे केक बेकरीच्या भट्टीतच भाजून यायचे. सकाळी मास्तर प्रार्थनेला गेले आणि आम्ही दोघींनी टर्कीची परात बेकरीवाल्या चाचांच्या हवाली केली. परत येतो तर आबा दारात. खांद्यावर घोंगडं, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. ओसरीवर बसले. आत्यानं तांब्या पुढं केला, त्यांनी मान दुसरीकडं फिरवली. मला म्हणाले, "पिशवी भरली का? दुपारची गाडी हाय." मी आत्याकडं बघितलं. "जेवून जा, दादा," ती म्हणाली. नाताळाचं जेवण म्हणजे मटण असणारच. आबांनी विचारलं, "कापलं कुनी?"

"मुलान्यानं."

"हं," म्हणाले. त्या एका 'हं'वर आत्याचा चेहरा उजळला. भाजून व्हायची वेळ झाली तशी आम्ही जवळजवळ पळतच बेकरी गाठली. चाचा दारातच कपाळाला हात लावून उभे. "बाई, पेट फट्या उसका! ऐसा ठूंसके भरते क्या?" परातीत बघितलं तर शिवण उसवून टर्कीचं पोट फाटलं होतं आणि सारण बाहेर सांडलेलं. मक्याचा पाव मऊ असतो, तो दबून राहतो. वाळलेल्या भाकरीनं आतला सगळा रस पिऊन घेतला आणि ती फुगत गेली... आमच्याकडच्या कुठल्याही बाईला भाकरीचा हा स्वभाव ठाऊक असतो. आत्यालाही होताच, पण त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती भट्टीसमोर मटकन बसली. अख्खी सोनेरी टर्की भावापुढं ठेवायची, त्यानं तोंडात बोट घालायचं, असं तिनं मनात रंगवलं होतं. मला तर रडूच फुटलं. तशी ती उठली, पदर खोचला आणि माझ्यावरच खेकसली, "रडतीस काय? चल. गाडी चुकवायचीय त्याची."

घरी आलो तेव्हा आबांनी आपली शिदोरी सोडली होती. मांडीवरच्या फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी. म्हणजे सगळंच संपलं. आत्या तरीही आत गेली, हातानं मटण सोडवलं, वर सांडलेलं सारण घातलं आणि पत्रावळ आबांच्या पुढ्यात ठेवून बाजूला उभी राहिली. आबा पत्रावळीकडं बघत राहिले. घाईत चुरायचे राहिलेले भाकरीचे मोठे तुकडे परातीत सांडून भट्टीच्या आचेनं कडक झाले होते, त्यांच्यावरचे काळे तीळ जसेच्या तसे. आबांनी एक तुकडा उचलला. दुसऱ्या हातात त्यांच्या शिदोरीतली, आजीनंच केलेली, तशीच काळे तीळ थापलेली भाकरी होती. दोन्ही तुकडे त्यांनी उलटून पालटून बघितले.

"आईची हाय ही."

आत्यानं मान हलवली.

"कवापासनं धाडती?"

"पयल्यापासनं."

आबांच्या कपाळाची शीर ताठ झाली. मला वाटलं आता पत्रावळ अंगणात भिरकावतात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चवड कोण आणत असेल, ते त्यांना तेवढ्यात उमगलं असणार. मी खांबाला धरून उभी. मग त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, चावला आणि आत्याकडं न बघता म्हणाले, "पानी दे."

ते जेवले. मान वर न करता सगळी पत्रावळ संपवली. "मीठ कमी हाय," म्हणाले. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. हात धुतल्यावर घोंगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "पोरगी ऱ्हाऊ दे परीक्षा हुस्तवर. म्होरलं म्होरं बगू. आन मी हितं जेवलो, हे आईला सांगू नगा." एकमेकांपासून एवढं लपवणारी मायलेकरं मी पुन्हा कुठं बघितली नाहीत.

आत्या उंबऱ्याच्या आतून म्हणाली, "दादा, आत तर ये. घर बगून जा." आबा जोड्यात पाय घालत होते. "गाडी चुकंल," म्हणाले आणि गेले.

पुढं मी त्या घरात राहून मॅट्रिक झाले, कॉलेज केलं. आत्यानं मला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, तसंच रागेही भरलं. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात डोकावले की उलथनं दाखवायची. आबा त्यानंतर किती तरी वेळा आले. ओसरीवर बसायचे, जेवायचे, मीठ कमी म्हणायचे. आत मात्र आले नाहीत. आत्या दर वेळी म्हणायची आत ये, आणि दर वेळी त्यांची गाडी चुकणार असायची. आबा गेले तेव्हा ती मला म्हणाली होती, "माझं घर कसं हाय, ते त्यानं बगितलंच न्हाय." एवढी एकच गोष्ट मी तिला कधी मिळवून देऊ शकले नाही.

आत्याला मातीआड केल्यावर काही दिवसांनी घरी प्रार्थना आणि जेवण होतं. सांगोल्याहून माझे भाऊ, वहिन्या, त्यांची पोरंबाळं, झाडून सगळे आले. ओसरीवर दाटी झाली. सॅम्युएल म्हणाला, "आत बसा की." कुणी जागेवरून हललं नाही. मग माझा थोरला भाऊ उठला, उंबरा ओलांडून आत गेला. त्याच्यामागं बाकीचे. स्वयंपाकघरात पंगत बसली, आत्याच्याच ताटांमधून. जेवताना भाऊ सगळीकडं बघत होता... फळीवरचे डबे, मोरी, खिडकीतली तुळशीची कुंडी. मी वाढत होते. पातेलं घेऊन त्याच्यासमोर वाकले, तर तो हळूच म्हणाला, "चांगलं हाय की गं आत्याचं घर."