चुंबक चालू राहिलं

अहो, सांगायला तोंड नाही, पण सांगतो. हसा काय हसायचं ते!

मुलगा विनय पुण्याला. दोन वर्षं श्रीवर्धनला फिरकला नाही. विचारलं की एकच, "बाबा, मेमध्ये बघू." बघू म्हणजे काय? शेवटी ठरवलं, घराची-वाडीची फिल्म करायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. ती बघून तरी पाय इकडे वळतील.

माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून काय झालं? फुकटातलं ॲप घेतलं. वर फोटोंची रांग, खाली माझ्या आवाजाची. ज्याचा आवाज त्याच्या फोटोखाली लावायचा, बस्स. त्यात चुंबकाचं एक बटण. दाबलं की तुकडे खटकन एकमेकांना चिकटतात, मध्ये फट राहत नाही. मला फार आवडलं! माझ्या घरात दिवसभर बोलणं कमी आणि फटीच जास्त.

सहा फोटो, सहा आवाज. चार दिवस खपलो. सगळं जुळलं. आणि मग दिसलं, पहिल्याच फोटोत फाटकावर माझी चड्डी वाळतेय! फोटो उडवला. चुंबकाने मागचे सगळे फोटो गुपचूप एकेक घर पुढे ओढले. आवाज मात्र जागच्या जागी. मी परत बघितलं का? छे! दिलं पाठवून.

आता ऐका.

पडद्यावर विहीर, आणि माझा आवाज: "जोरात ढकला नि सरळ आत या!"

कौलांवर बसलेली वानरं: "पाणी गोड हाय, पण आटत चाललंय."

मग जुन्या फोटोतली, ओट्यावर बसलेली सूनबाई आणि तिची आई, आमच्या विहीणबाई: "ही आली की केळीचा लोंगर संपला! दगड मारला तरी हलत न्हायत, वर दात दाखवतात!"

आणि वाळक्या माडावर: "यांच्यामुळे घराला शोभा."

ग्रुपवर विहीणबाईंचा निरोप आला, "व्याहीबुवा, येताना दात पुण्यातच ठेवू का?"

पाठोपाठ विनयचा फोन. तीन आठवड्यांनी!

"बाबा, हे काय केलंत?"

"मी नाही, चुंबकाने केलं!"

"मग दुरुस्त करा ना."

"तूच येऊन कर."



"येतो. मेमध्ये नक्की. सासूबाईसुद्धा येतायत. दगड केवढा आहे ते बघायचंय म्हणतात."

तेवढ्यात नातीने फोन ओढला. "आजोबा, शेवटी नुसता काळा पडदा आहे, आणि तुम्ही अंधारात 'या रे लवकर' म्हणताय! तेवढं नीट करा. पण तुमच्या फोटोला हात लावू नका हां. तिथं आवाज एकदम बरोबर बसलाय."

म्हटलं, चला, एक तरी जमलं! उघडून बघितलं. ओट्यावर एकटा बसलेला मी, आणि त्यावर माडाचा आवाज:

"हा आता काय देत न्हाय. नुसती जागा अडवून हाय. पाडायला माणूस मिळत न्हाय."