देवेशचा मोरोक्कन पास्ता

माझा भाचा देवेश घाडी याला खोटं बोलता येत नाही. हे मी गुण म्हणून सांगत नाहीये, व्यंग म्हणून सांगतेय. चौतिशी उलटली, मरोळला औषधाच्या बाटल्यांची झाकणं घट्ट बसलीत की नाही ते तपासायची बरी नोकरी आहे, मुलुंडला घर आहे, आणि रूपाने माझ्या भावावर गेला नाही म्हणजे दिसायलाही ठीकच. तरी लग्न जमेना. जमणार कसं? एका मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, घर कसं आहे, तर हा म्हणाला, "वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या किचनमध्ये गळतं." दुसरीला म्हणाला, "फोटोत तुम्ही वेगळ्या दिसता." ती मंडळी चहा अर्धा टाकून उठली.

मी समोरच्याच दारात राहते, त्यामुळे हे सगळे सोहळे मी डोळ्यांनी पाहिलेत.

मग बोरिवलीची श्रुतिका आली. ट्रॅव्हल कंपनीत काम करते, पर्यटकांना घेऊन मोरोक्कोला जाऊन आलेली. दोघं एकदा अंधेरीला कॉफी प्यायला भेटली आणि आमचा बाळ परत आला तो हसतच. दोन दिवस हसत होता. मला म्हणाला, "आत्या, मला ही आवडली गं. खूपच आवडली." मी म्हटलं, वाट लागली. आता हिलाही काहीतरी खरं सांगणार.

श्रुतिकाची अट एकच. कांदेपोह्यांचा कार्यक्रम मुलाकडे करायचा आणि रांधायचं मुलाने. पोहेसुद्धा नकोत. तिकडे तिने क्रीम घातलेला चिकन पास्ता खाल्ला होता, हरिसा नावाची लाल चटणी लावलेला. तो करून दाखव म्हणाली.

रत्नप्रभावहिनीने कपाळाला हात लावला. ह्या मुलाने आयुष्यात फक्त दूध गरम केलंय, तेही उतू घालवून. पण तो पेटला. मोबाईलवर व्हिडिओ बघून लाल मिरच्या भिजवल्या, लसूण, जिरं, धणे, शहाजिरं, लिंबू आणि तेल घालून वाटलं. रविवारी सकाळपासून ओट्याशी उभा. चिकनला ती चटणी चोळली, परतलं, क्रीम ओतलं, आणि मग कुणाचं न ऐकता वरून आणखी एक लिंबू पिळलं. क्रीम फाटलं. दही-पाणी झालं नुसतं.

वहिनी डोकावली. "ह्यां काय केलंस रे झिला?"

"झालं ते झालं. असंच वाढायचं," तो म्हणाला आणि तोंड पाडून अंघोळीला गेला.

आता मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर पोहे कुणी केलेले असतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मुलीची काकू करते, शेजारीण करते, आणि आई ट्रे पुढे करून म्हणते, "सगळं हिनेच केलंय हं." वहिनीला वाटलं, रीत ती रीत, मुलगा असला म्हणून काय झालं. बाथरूमचं दार लागलं तशी तिने भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटप फ्रिजमधून काढून त्या टोपात रिकामं केलं. वर दोन चमचे घरचा मालवणी मसाला. चव घेतली, जरा विचार केला आणि तीन आमसुलंही टाकली.

मी म्हटलं, "वहिनी, हे मोरोक्को राहिलं नाही, हे कणकवली झालं."

"तू गप ऱ्हव, जयंती," ती म्हणाली. अंघोळ करून आलेल्या देवेशला तिने स्वयंपाकघरात पाऊलही टाकू दिलं नाही. वर दम दिला, "आज तोंड फक्त खायला उघडायचं."

श्रुतिका आणि तिचे वडील विद्याधरराव आले. वाढलं. मुलीने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे मोठे केले. "झकास झालंय ना हे. तू केलंस?"

"सगळं देवेशनेच केलंय हं. मी हात नाही लावला," वहिनीने घाईघाईने सांगून टाकलं.

विद्याधरराव पास्त्याची नळी काट्यावर धरून निरखत होते. "मोरोक्कोत खोबरं असतं का हो?"

"असतं तर. समुद्र आहे ना तिथे," वहिनी म्हणाली.

देवेशने तोवर पहिला घास घेतला होता. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याचं चावणं थांबलं. कान लाल झाले. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती दादाला लागली. एक घास गिळ की रे मेल्या, मुलगी हातात आलीय.

"हे मी केलेलं नाहीये," देवेश म्हणाला. आवाज पार रडवेला. "चिकन आणि पास्ता माझा. बाकी आईने घातलंय. चव आईची आहे."

वहिनीने डोळे मिटून घेतले. दादाने पंख्याकडे बघितलं.

श्रुतिकाने चमचा खाली ठेवला. "मग तुझं कसं झालं होतं?"

"वाईट. क्रीम फाटलं. काल करून बघितलं तेव्हाही फाटलं होतं, ते बाबांना खायला दिलं."

"मला वाटलं तसंच असतं ते," दादा म्हणाला.

विद्याधररावांना हसता हसता ठसका लागला. मी पाणी द्यायला उठले. श्रुतिका मात्र हसत नव्हती. म्हणाली, "ह्याच्याआधी तिघांच्या घरी हीच अट घातली मी. तिघांनीही मीच केलंय म्हणून छातीठोक सांगितलं. एकाच्या ओट्यावर तर हॉटेलची पिशवी तशीच पडली होती, तिच्यासमोर उभा राहून रेसिपी सांगत होता मला."

तिने आपली प्लेट वहिनीपुढे केली.

"काकू, मला अजून वाढा. लग्न मी ह्याच्याशी करीन, पण रांधायला तुम्ही शिकवा ह्याला."

वहिनीचे डोळे भरून आले. होणाऱ्या सुनेला तिने डाव भरभरून वाढलं, विद्याधररावांना वाढलं, मलाही वाढलं. देवेशची पाळी आली तेव्हा त्याच्याकडे रागाने बघितलं आणि त्याच्या प्लेटमध्ये चिकन वगळून नुसत्या नळ्या टाकल्या.