बरणीतली चटणी आणि शेंगोळ्या

बायको पावसाच्या तोंडाला गेली. त्याआधी उन्हाळ्यात तिनं वर्षाची कांदा-लसणाची चटणी केली, बरणीत दाबून भरली, वर फडकं बांधलं. तिच्या हातचं खायचं म्हणून घरात तेवढंच उरलं. मी बरणीला हातच लावला नाही. चटणी संपली की सगळंच संपलं, असं डोक्यात बसलेलं. दूध-भाकरी खायचो, नाहीतर पुतण्याच्या घरनं कोरड्यास म्हणून येईल ती भाजी-आमटी. चव कशाचीच लागत नव्हती.

थंडी पडल्यावर इस्लामपूरची थोरली बहीण आली. आल्या आल्या तिनं बरणी उघडली.

"आरं, वरनं बुरशी धरलीया. कवा उघडली हुतीस?"

"उघडलीच न्हाई."

"मग काय पुजा घालतूयास व्हय? तिनं खायला केलती."

बहिणीनं वरचा थर खरवडून टाकला. खालची चांगली होती.

"आज शेंगोळ्या कर. माझी मनगटं धरल्यात, मी नुसती सांगीन."

शेंगोळ्या म्हणजे हुलग्याचं पीठ घट्ट मळायचं, हातावर बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि रश्श्यात शिजवायच्या. थंडीत वाडगाभर खाल्ल्या की घाम फुटतो. बायको वळायची, मी ताट पुढं ओढायचो. एवढंच माझं काम.

पीठ मळलं, लसूण ठेचून घातला. बहीण सांगायच्या आत चटणी पळीभर पिठात घातली, पळीभर फोडणीत. वळायला बसलो तर तुकडे पडायला लागले.

"शेंगोळ्या हायत का गांडुळं ही?"

वैतागून पाणी उकळायच्या आधीच टाकल्या. निम्म्या विरघळल्या, त्यानं रस्सा तेवढा दाट झाला.

पहिल्या घासाला डोळ्यांतनं पाणी आलं. दुसरा घास गिळंना. बहीण बघत होती.

"ती तुझ्यापायी चटणी चिमटीनं घालायची. मला म्हणायची, आक्का, मालकास्नी तिखट सोसत न्हाई, पर बोलू नका, राग येतो त्यास्नी."

जन्मभर चारचौघांत सांगत आलो, आपल्याला झणझणीत लागतं. आणि ही बया गुपचूप कमी घालत होती. मला कळलंसुद्धा नाही.

वरनं पाणी ओतलं, गुळाचा खडा टाकला, दोघांनी खाल्लं. चटणी तिची असून चव काही तिची आली नाही. ती येणार नाही, हे आता मला कळलं.

बहीण निघाली तेव्हा डबा भरून चटणी तिच्या पिशवीत ठेवली.

"एवढी? आन तुला रं?"

"मला उरलेली लय झाली. नासण्यापरास तू खा."

"संपल्यावर काय करशील?"

"विकतची आणीन."

"विकतची चालंल व्हय तुला?"

"चालवायची."

ती गेल्यावर भांडी घासली. हात भगभगत होते. सकाळी भाकरीवर चिमूटभर चटणी घेतली, वर तेल सोडलं आणि खाल्ली. तरी नाकातनं पाणी आलंच.