घराच्या नाकाला फडकं

स्वयंपाकघरात हवा खेळावी म्हणून मी आधी धाबं फोडलं आणि मग भिंत. धाबं फोडलं ती चूक. भिंत फोडली ते बरोबर. दोन्ही माझ्याच हातानं झालं, म्हणून दोन्ही सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीतही मास्तरांनी पुढे ढकलला म्हणून. पण बंद घरात हवा कुठून येते आणि कुठून जाते, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याच्या अंगाचं. तेव्हा आमचा जिल्हा धुळे. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. घर धाब्याचं, म्हणजे वर सागाची लाकडं, त्यावर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. भिंती दोन हात रुंद. खिडकी म्हणाल तर ओसरीला एक, तीही मांजर जाईल एवढी. एक चोराची भीती, दुसरी उन्हाची. घरात माणसं तीनच. मी, आबा म्हणजे माझा बाप, आणि माझी बायको. आई माझ्या लग्नाआधीच गेली होती, म्हणून चूल एकट्या बायकोकडं.

स्वयंपाकघर सगळ्यात मागे. चुलीच्या वर धाब्याला एक भोक, त्याला साणं म्हणतात. धूर त्यातून जायचा. जायला हवा होता, असं म्हणा.

मधल्या खोलीत कापूस असायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत ती खोली जमिनीपासून लाकडांपर्यंत भरलेली. चुलीतली एक ठिणगी उडाली तर वर्षभराचा घाम जळून जायचा. म्हणून आबांचा हुकूम होता, चूल पेटली की मधलं दार बंद. मलाही ते बरोबरच वाटायचं. आमच्याकडं घरोघर हेच. आग कापसापर्यंत पोचू नये म्हणून बाईला धुरात कोंडायचं. कोंडतो आहोत असं कुणाच्या मनातही यायचं नाही. पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, आच भडकते तशी धूरही भरपूर करते. दुपारी ती तिथंच बसून मिरच्यांचे देठ खुडायची. सकाळी धूर, दुपारी मिरचीची खाट म्हणजे झोंबरा ठसका, आणि दाराच्या फटीतून कापसाची बारीक तूस.

लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. विहिरीवरून घरी येईपर्यंत तीनदा हंडा खाली ठेवायची. विहिरीवरच्या बायका तिच्यापासून लांब उभ्या राहायला लागल्या. नाव कुणी घेत नव्हतं, पण क्षयच सगळ्यांच्या तोंडात होता.

मी तिला बैलगाडीत घालून शहाद्याला डॉक्टरकडं नेलं. त्यानं छाती बघितली, थुंकी बघायला ठेवून घेतली, आठ दिवसांनी परत बोलावलं.

"क्षय नाही," तो म्हणाला. "छाती धुरानं आणि धुळीनं धरली आहे. घरात हवा आहे का?"

"खेड्यात हवेला काय तोटा?" मी म्हटलं.

"ती बाहेर. मी घरातली विचारली."

मला राग आला. पण माणूस बरोबर होता.

घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि त्यांना जे ठरवायचं ते ठरवलं.

"खोकला तो खोकला. आखाजीले तिन्हा भाऊ गाडी लई येई. जाऊ दे तिले. आते तठेच ऱ्हाऊ दे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात आणि पाच-सात दिवसांनी परत येतात. त्यामुळं ती गेली असती तर गावात कुणी काही बोललं नसतं. ती परत आणली नाही, हे मग हळूहळू कळलं असतं. आबांनी ते असं सोपं करून ठेवलं होतं. ती दाराआड उभी होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. सासऱ्यासमोर सून बोलत नसे. तीन वर्षांत आबांनी तिचा आवाज ऐकला तो खोकल्याचा.

मी मनात म्हटलं, आखाजीला अजून दोन महिने आहेत, तेवढ्यात हिचा धूर घालवतो. आता ती नाही. मागच्या पावसाळ्यात गेली. छातीनं नाही, दुसऱ्याच दुखण्यानं. तेव्हाची आठवण लिहिताना मध्येच तिला विचारावंसं वाटतं, की डॉक्टरचं बोलणं आधी झालं की विहिरीचं. विचारायला कोणी नाही. मला जसं आठवतं तसं लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याच्या बाजारात गेलो. एका हॉटेलवाल्यानं भिंतीत विजेचा पंखा बसवला होता, तो भजीचा धूर ओढून रस्त्यावर फेकायचा. झकास चीज. पण आमच्या गावात वीज कुठं होती? कुंभाराकडं मातीचं धुराडं होतं, ते मला लेचंपेचं वाटलं. शेवटी एका पत्र्याचे डबे ठोकणाऱ्याकडून नळकांडं करून घेतलं. पुरुषभर उंच, वर टोपी. तो म्हणाला, "हाई लाव. मांजरना आंगवरनाबी धूर ओढी लेई." मी नळकांडं खांद्यावर घेऊन गावात आलो, सगळ्यांना दिसेल असा.

साणं मोठं केलं, नळकांडं उभं केलं, कडेनं चिखल लिंपला. तिला म्हटलं, पेटव.

तिनं पेटवली. मधलं दार नेहमीसारखं बंद. पहिल्यांदा बोटभर धूर वर गेला. मग नळकांडं गच्च झाल्यासारखं झालं आणि सगळा धूर खाली उतरला. मी बाहेर आलो डोळे चोळत. म्हटलं, नळकांडं आखूड पडलं. दुसऱ्या आठवड्यात त्यावर आणखी हातभर जोडून आणलं. फरक शून्य.

त्या दिवशी ती मला म्हणाली, "तुम्ही कधी चूलजोडे बठेल शेत का?"

"मी कसाले बसू?"

"बठा. भाकर मी करस. तुम्ही फक्त बठा."

बसलो. दोन भाकरी होईपर्यंत माझ्या नाका-डोळ्यांतून पाणी. आबा शेतात होते. तिनं उठून मधलं दार चार बोटं उघडलं आणि कापसाची एक चिमूट त्या फटीसमोर सोडली. तूस उडत आत आली, चुलीवरून वळली आणि नळकांड्यात गेली. मागोमाग धूर गेला. तिनं दार लावलं. धूर परत खाली.

"आत वारा उना नही ते भायेर काय जाई?" ती म्हणाली. "मडकं पाण्यामा उलटं दाबा, पानी आत जास का? वारा आडस."

नळकांड्यासाठी मी शहाद्याला दोन खेपा घातल्या होत्या. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मंग सांगं का नही?"

"तुम्ही खांदावर लईसन उनात. गावभर दाखाडं. मी काय सांगू?"

तेव्हा दार उघडं ठेवता येत नव्हतं, कापूस होता. म्हणजे हवा मागच्या अंगणातून घ्यायची, मागच्या भिंतीतून, आणि खालून, चुलीच्या बाजूला. आबांना विचारलं. ते म्हणाले, "भीत फोडस तो चोर ऱ्हास. घरधनी दार लावस. साप येई, कुत्रं येई. भोक नही."

चार दिवसांनी आबा म्हसावदला लग्नाला गेले, दोन दिवसांसाठी. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मी पहार काढली. दोन हात रुंद मातीची भिंत फोडायची म्हणजे चेष्टा नाही. दीड हात लांब, हातभर उंच, जमिनीपासून वीतभर वर असं भोक पाडलं. बाहेरून लोखंडी जाळी ठोकली, म्हणजे सापाचा प्रश्न मिटला. ती चूल पेटवून बसली. धूर दोरीनं ओढल्यासारखा वर चालला. ती हसली, आणि हसताना खोकला आला.

पण दुपारी वारा सुटला. मागच्या अंगणात आमच्या मिरच्या वाळत होत्या. जाळीतून साप अडतो, मिरचीची धूळ अडत नाही. धूर गेला आणि खाट आली. ती पदर तोंडाला लावून बाहेर पळाली.

जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापूस घेऊन जायचो. तिथले मजूर नाकाला फडकं बांधून काम करतात. मी म्हटलं, माणसाच्या नाकाला बांधतात तर घराच्या नाकाला बांधू. घरात पातळ कापड शोधलं. तिची लुगडी जाड, माझी धोतरं जाड. गोणपाटातून हवाच येईना. एकच कापड विरळ आणि मऊ होतं. आबांचा जुना फेटा, पेटीतला. मी काढला, चार पदरी केला, ओला करून भोकाला बांधला. तिला सांगितलं नाही कुणाचा आहे. तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

आबा आले, पण त्यांना काही कळलं नाही. मागच्या बाजूला ते सहसा जातच नसत. पंधरा दिवस निघाले. ती तीन दिवसांनी एकदा कापड धुवायची. खोकला कमी झाला असं मला वाटायचं, पण मला वाटणारच. म्हणून मी विहिरीच्या वाटेवर नजर ठेवायचो. हंडा एकदाच खाली ठेवायची.

मग एक दिवस मिरच्या उलथायला आबा मागच्या अंगणात आले. त्यांचा आवाज मी गोठ्यातून ऐकला.

"हाऊ फेटा कोना शे?"

मी धावलो. आबा भोकासमोर उभे, हातात काठी. "बापना फेटा भीतले बांधस? मी मरी गयू का? आजच धाड तिले माहेर! आखाजीनी वाट नको देखू."

मी बोलायला तोंड उघडलं तोवर ती घराला वळसा घालून अंगणात आली. पदर नाकापर्यंत. जाळीवरून फेटा सोडला, आबांच्या पायांजवळ जमिनीवर उलगडला. आतला पदर पांढरा होता. बाहेरचा पदर तांबूस, मातकट, वर मिरचीच्या धुळीचा थर, बोटानं खरवडला तर निघेल असा.

"आबा, हाई तीन दिवसनं शे," ती म्हणाली. "हाई सम्दं मन्हा छातीमा जाये. तीन वरीस."

अंगणात मीही होतो, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. आबा खाली बसले. त्यांनी बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, आणि बोट नाकाजवळ नेलं. मग त्यांना सटासट शिंका आल्या, पाच की सहा. तिनं हसू दाबलं ते मला पदरातूनही कळलं.

आबा उठले. घरात गेले आणि दुसरा फेटा घेऊन आले. जुनाच, पण धड.

"तो फाटी गया शे," ते मला म्हणाले. "दोन राख. एक धुवाना, एक बांधाना."

आखाजीला तिचा भाऊ गाडी घेऊन आला. ती लुगडं नेसून तयार. मी गाडीभोवती घुटमळत होतो, कारण आबांनी आधीचं बोलणं मागे घेतलं असं कधी म्हटलं नव्हतं. भाऊ जेवला, बैलांना पाणी पाजलं, आणि निघताना आबा त्याला म्हणाले, "पाच दिवस ठेव. सहावा दिवसले मी सवता येसू लेवाले."

सून आणायला सासरा स्वतः जात नाही. भाऊ बघतच राहिला.

सहाव्या दिवशी आबा गाडी जुंपून गेले. मला नेलं नाही. दुपार टळताना परत आले. ती मागच्या बाजूनं उतरली, बोचकं ओसरीवर टाकलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून तिचा आवाज आला, खोकल्याशिवायचा, तणतणत.

"पाच दिवसमा एक डाव बी धुयं नही हाई फडकं?"

माझ्याआधी, बैल सोडता सोडता, आबांनीच तिला परस्पर उत्तर दिलं.

"मी सांगेल व्हतं त्याले, बेटा. आयकस कोठे तो?"