जीपच्या पाठीवरची टाकी

आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, जीप लष्कराच्या लिलावातली होती. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात अशा जीपा बऱ्याच जणांनी हौसेनं घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी दारात उभ्या राहूनच गंजल्या. आण्णांची मात्र पळायची. थंडी पडली की ते आणि त्यांचे दोन मित्र गारगोटीच्या पुढं सड्यावर जायचे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. तिथं रस्ता संपतो आणि जीपवाल्यांना चेव चढतो. भडंग आणि शिळ्या भाकरी खाऊन ही मंडळी परत यायची, आणि पुढं महिनाभर तेच पुराण. चाक कुठं अडकलं, धुकं खालून वर कसं आलं, कड्यावर बसलं की खाली कोकण कसं दिसतं.

आई हे सगळं भाकरी थापत ऐकायची. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा तिनं मित्रांच्या देखतच विचारलं, "अवो, मला बी न्हेऊन आणा की एकदा. मी बी बघतो ते कोकण." आमच्याकडं बायका 'बघतो, येतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी हसायचं काम नाही.

"वर शिजवायची सोय न्हाय," आण्णा म्हणाले. "जाळ करायला बंदी हाय. बायामाणसांनी काय खायचं?"

"मग गॅस न्हेऊया."

मित्र फिदीफिदी हसायला लागले. आण्णांना माघार घेता येईना. "बरं. जीपवर गॅसची टाकी नीट बसली तर चल. न्हाय बसली तर हा विषय परत काढायचा न्हाय."

आईनं मान हलवली. सणाला साडीसुद्धा मागून न घेणारी बाई, तिनं एवढं एकच मागितलं आणि त्यालाही अट! मला आण्णांचा असा राग आला म्हणता. पण टाकी बसते कशी, याची उत्सुकताही तेवढीच होती. मी रोज संध्याकाळी घरामागच्या परड्यात जाऊन बघायला लागले.

पहिल्या दिवशी एक मित्र म्हणाला, "उसाची मोळी बांधतोय तशी बांध दोरीनं, हाय काय त्यात!" बांधली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईस्तोवर टाकी मोळीतून सुटून मागच्या फळीवर धडाधडा नाचत होती. शेजारचा म्हातारा खाटेवरून उठून घरात पळाला.

मग आईनंच तोडगा काढला. टाकी संपत आली की आमच्याकडं ती आडवी करायची पद्धत होती, तेवढाच दोन दिवस गॅस जास्त पुरतो म्हणून. "आडवीच ठेवा की," ती म्हणाली. "पडायची भीती न्हाय, आणि शेवटापर्यंत गॅस बी येतोय." आण्णांना पटलं. माझी बी.एस्सी. त्या वेळी कुठं चरायला गेली होती कुणास ठाऊक, मलाही पटलं. जीपच्या मागच्या बाकड्याखाली टाकीच्या मापाची जागा होतीच. आण्णांनी उद्यमनगरातनं वेल्डर आणला आणि टाकी जागेवर ठेवूनच त्याला पट्टी जोडायला सांगितली, म्हणजे माप चुकायला नको. आई आतनं लाटणं घेऊन आली.

"भरल्या टाकीजवळ ठिणग्या? डोस्कं ठिकाणावर हाय का?"

तिनं टाकी उचलून घरात नेली आणि ब्लाउजचं माप घ्यायची टेप आणून वेल्डरच्या हातात दिली. टाकीचा घेर आईनं मापला, पट्टी वेल्डरनं वाकवली, आणि आण्णा दोघांच्या मध्ये उभे राहून सूचना करत राहिले.

पट्ट्या थंड झाल्यावर टाकी बसवली, रबरी नळी जोडली, शेगडी परड्यात फरशीवर ठेवली. आण्णांनी आईला शेगडी पेटवायला सांगितली. तिनं काडी ओढली. निळी ज्योत आली, फुरफुरली, आणि एकदम पिवळाजर्द जाळ पेरूच्या फांदीला लागेल एवढा उसळला. आई ओरडली नाही की काही नाही. सरळ जीपजवळ जाऊन तिनं टाकीचं बटण फिरवलं. जाळ बसला. तिच्या कपाळावरचे केस जळून कुरळे झाले होते.

"झालं," आण्णा म्हणाले. "संपला विषय."

त्यांचा आवाज घाबरल्याचा होता, आता मला कळतं. तेव्हा वाटलं, सुटल्याचा आहे. आई आत गेली आणि तिनं तांदूळ निवडायला घेतले. निवडलेले तांदूळ ती परत निवडत होती.

जाळ एवढा का उसळला, हे मला काही केल्या सोडवेना. आण्णांच्या मित्राकडं सिगारेटचा लायटर होता, पानपट्टीवर मिळतो तो हिरवट पारदर्शक प्लॅस्टिकचा. मी तो मागून घेतला आणि उन्हात धरून बघत बसले. आत पाण्यासारखं काहीतरी तळाला हलत होतं. हा गॅस! मी इतकी वर्षं समजत होते की टाकीत वाफ कोंबून भरलेली असते. लायटर उभा धरला की पाणी खाली आणि वरच्या रिकाम्या जागेतली वाफ तोंडाकडं. आडवा केला की पाणीच तोंडाशी. म्हणजे आडव्या टाकीतनं शेगडीला वाफेऐवजी पाणी जात होतं, आणि एवढ्याशा पाण्याची वाफ होते ढीगभर! मग घरी काही होत नव्हतं ते कसं? घरी टाकी आडवी व्हायची ती संपत आल्यावर, आत उरलेलं असायचं कितीसं. नशीब आमचं, दुसरं काय.

मी पळत जाऊन आण्णांना लायटर दाखवला. त्यांनी तो उभा केला, आडवा केला, परत उभा केला. मग मित्राला हाक मारली. मग वेल्डरला निरोप गेला. त्या दिवसापासून आण्णांना असा नाद लागला की बायकोला न्यायचंय की टाकीला, हेच कळेना.

टाकी आता जीपच्या मागं बाहेरच्या बाजूला आली, स्टेपनीशेजारी, उभी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जीपच्या आत तळाशी साचून राहील, म्हणून बाहेर. खाली लोखंडी कडं, वर दोन पट्ट्या, पट्ट्यांच्या आतून जुन्या ट्यूबचं रबर. गडमुडशिंगीला मित्राच्या मळ्यात बांधावरनं जीप उड्या मारत नेली, तर नट ढिले झाले. मग डबल नट लावले. परत नेली. आई दर वेळी साबणाचा फेस घेऊन बसायची आणि सांध्यांवर लावून बुडबुडे येतात का बघायची. शेवटी एका रविवारी बुडबुडा आला नाही, नट हलला नाही, टाकी तसूभर सरकली नाही.

"बसली," आई म्हणाली. आण्णांच्या तोंडाकडं बघत म्हणाली.

आण्णा नटावर पान्हा लावूनच उभे होते. "बसली," ते म्हणाले.

आम्ही गेलो. मित्रांनी मागं भडंगाचं पोतं घेतलंच होतं, त्यांचा अजून विश्वास नव्हता. चढाला जीप अशी आदळत होती की माझे दात वाजत होते, आणि आई दर वळणावर मागं वाकून टाकी बघत होती. सड्यावर पोचल्यावर आण्णांनी आधी पट्ट्या तपासल्या, टाकीची टोपी काढली, रेग्युलेटर बसवला, वाऱ्याला आडोसा म्हणून ताडपत्री धरली. सगळं जय्यत तयार करून त्यांनी हाक मारली, "अगं, ये. चहा टाक."

आई कड्याजवळ बसली होती. खाली झाडीच झाडी, आणि तिच्या पलीकडं निळसर, सपाट, लांबवर पसरलेलं कोकण.

"मी बघायला आलोय," ती म्हणाली. "तुम्ही टाका."

मित्र हसले नाहीत. मी उठायला लागले तर आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. मागं काड्या ओढल्याचा आवाज येत राहिला. ज्या माणसानं त्या टाकीचा नट अन् नट पाठ केला होता, त्याला शेगडीचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते माहीत नव्हतं. अखेर ज्योत लागली. पाणी उकळलं. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी वळून बघितलं. आण्णा एका हातात साखरेचा डबा, दुसऱ्यात चमचा घेऊन उभे होते. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता.

"तुला साखर किती लागती गं?"

आईनं कोकणावरची नजर काढली नाही.

"घाला अंदाजानं. चुकली तर सांगतो की."